तुझ्या न दचकण्याबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. क्लोनाझेपाम ही चेतासंस्था शांत करणारी गोळी सुरू झाल्यापासून पाठीमागे दार धाडकन आपटलं तरी तू दचकत नाहीस, आणि 'माझा दगड होत चाललाय का रे?' असं विचारतोस. मेंदूच्या प्रयोगशाळेत केस पिकलेल्या माणसाला असं विचारलंस की उत्तर लांबणारच. आता भोग.

दगड वगैरे काही होत नाहीये. अनपेक्षित गोष्टीला मेंदू एकाच जागी, एकाच रसायनाने उत्तर देत नाही. त्यातलं कोणतं उत्तर मंदावेल, ते औषधावर ठरतं.

दचकणं हे त्यातलं सर्वांत साधं उत्तर. कानाकडून निघालेला संदेश मस्तिष्कस्तंभातल्या मोजक्या चेतापेशी ओलांडून थेट स्नायूंपर्यंत जातो. ३०-४० मिलिसेकंदांत पापणी मिटायला लागते. आवाज कसला होता ते मागाहून कळतं. मनात आधीच धास्ती असेल तर अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग, हा मार्ग आणखी हुळहुळा करून ठेवतो. तुझ्या गोळीच्या गटातली औषधं गाबा या रसायनाचा शमवणारा परिणाम वाढवतात, म्हणून ही जादाची उसळी उतरते. थोडक्यात, गोळी लागू पडली आहे.

पण दचकणं म्हणजे आश्चर्य नव्हे. मला या विषयाचं वेड लागलं ते दुसऱ्याच एका लहरीमुळे. कानात एकसारखे 'टक, टक, टक' वाजत असताना मध्येच एक वेगळा सूर आला, की साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत मेंदूच्या विद्युत आलेखात एक खळगा उमटतो. माणूस पुस्तक वाचत असो, आवाजाकडे त्याचं लक्षही नसो, तरी उमटतो. फिनलंडच्या रिस्टो नाटानेन यांनी सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये याचं वर्णन केलं. ग्लुटामेट हे चेतापेशींना चेतवणारं रसायन. ते टिपणारे पेशींवरचे एनएमडीए ग्राहक केटामाइन या भुलीच्या औषधाने अडवले की निरोगी माणसातही हा खळगा उथळ होतो. माकडांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं की हे ग्राहक अडवल्यावर आवाज श्रवणकेंद्रात पोचल्याचं दाखवणाऱ्या, या खळग्याआधीच्या लहरी शाबूत राहतात, फक्त 'हा वेगळा होता' ही नोंद जाते. ऐकू सगळं येतं, क्रम मोडल्याचं मात्र टिपलं जात नाही! स्किझोफ्रेनिया या भास-भ्रमांच्या मनोविकारातही हा खळगा कमी झालेला आढळतो. म्हणून त्या आजाराचा सगळा दोष डोपामिन या दुसऱ्या मेंदू-रसायनावर टाकणं मला कधीच पटलं नाही.

अर्थात डोपामिनला वगळून चालायचं नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत पाहिलं, की अचानक रस मिळाला तर डोपामिनच्या पेशी जोरात उद्दीपित होतात. रसाआधी ठरावीक खूण दाखवत गेलं, की काही दिवसांनी त्या खुणेलाच उद्दीपित होतात, रसाला नाही. आणि खूण दाखवून रस दिला नाही, तर नेमक्या त्या क्षणी गप्प पडतात. अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांतला फरकच जणू त्या मोजतात. २००६ मध्ये पेसिलिओन आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना पैसे जिंकण्या-हरण्याचा खेळ दिला. डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा घेतलेले लोक, डोपामिन अडवणारं हॅलोपेरिडॉल घेतलेल्यांपेक्षा जिंकून देणारं चित्र जास्त वेळा निवडायला शिकले. तोटा टाळण्यात मात्र दोन्ही गट सारखेच. पार्किन्सनच्या काही रुग्णांना प्रामिपेक्सोलसारख्या, डोपामिनची नक्कल करणाऱ्या गोळ्यांवर जुगाराची ओढ लागते, ती याच यंत्रणेतून येत असावी. उलट्या टोकाला, भ्रमाच्या आजारात फुटकळ घटनाही अर्थाने भारलेल्या वाटू लागतात. २००३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी मांडलं की डोपामिन अडवणारी औषधं तो भार कमी करतात. भ्रम लगेच जात नाही, पण रुग्णाला त्याचं तितकंसं काही वाटेनासं होतं. हे मला फार खरं वाटतं.

आता तुझ्यापुरतं. अनपेक्षित, दखल घेण्याजोग्या गोष्टीला ३०० मिलिसेकंदांच्या आसपास मेंदूत आणखी एक लहर उठते. १९६५ मध्ये सॅम्युअल सटन यांच्या गटाने ती दाखवली. तुझ्या गटातली औषधं तीही खाली आणतात आणि नवी आठवण पक्की होण्यात अडथळा आणतात. तेव्हा न दचकण्याची काळजी सोड. गाडी चालवताना गुंगी येते का, ऐकलेलं निसटतं का, याकडे बघ, आणि तसं असेल तर डॉक्टरांना सांग. मनाने गोळी एकदम बंद मात्र करू नकोस. अचानक सोडल्याने झटके येऊ शकतात. कमी करायची तर त्यांच्या सल्ल्याने, हळूहळू.

डोस रात्रीचाच आहे की सकाळीही, तेवढं कळव. आणि तू काय काय विसरतोस हे तुला ठाऊक असणार नाही, ते वहिनींना विचारून लिही.

तुझा,
विनायक