सुमे, हे तुलाच कळेल

प्रिय सुमे,

तुझे मेसेज तसेच पडलेत, शिव्या फोनवर घाल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. मुद्द्याचं सांगते, कारण इथे कुणाला सांगितलं की 'सिस्टर, तुम्ही फार मनाला लावून घेता' एवढंच ऐकू येतं.

9 तारखेला गरोदर बायकांची तपासणी होती. वजन, बीपी, एचबी, लघवी, पुढची. त्या गर्दीत आमच्या डॉक्टर मॅडमनी आता एडिनबर्ग स्केलचे, म्हणजे बाळंतपणाच्या आगेमागे बाईचं मन खचलंय का ते बघायचे, 10 प्रश्न लावलेत. प्रश्न सोपे गं, मागच्या 7 दिवसांत कसं वाटलं, प्रत्येकाला 0 ते 3, पण विचारायचे कुठे? शेजारी सासू. मी पोरीला विचारते हसू येतं का, तर सासू म्हणते, 'येतं की, टीव्ही बघून खिदळते दिवसभर.' शेवटी सासूबाईंना लोहाच्या गोळ्यांच्या लायनीत उभं केलं.

पहिलटकरीण, सातवा महिना, बाळाचे ठोके छान. आधी खिडकीतून लाईन किती सरकली ते बघायची, मग उत्तर द्यायची. बेरीज 11, म्हणजे काळजीचा आकडा जो 13, त्याच्या आतच. पण दहावा प्रश्न, जिवाचं बरंवाईट करायचा, त्याला म्हणाली 'कधी कधी'. तिथे बेरीज गेली चुलीत. आज तसं वाटतंय का, काही ठरवलंय का, फवारणीचं औषध घरात कुठे असतं, सगळं विचारलं. ठरवलं काही नाही म्हणाली, फक्त घरी सांगू नका.

14416 या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनला चोवीस तास फुकट बोलतात, मराठीत बोलतात, सगळं खरं, पण मोबाईल नवऱ्याचा! मॅडमनी त्याच दिवशी जिल्ह्याच्या मानसोपचारवाल्यांना फोन लावला, आशाताई पोरीसोबत तिकडे गेली. चिठ्ठीवर सासूला उलगडेल असं काही लिहायचं नाही ही आयडिया माझी (माझं अक्षर शेवटी कामाला आलं).

तुझं-माझं भांडण आठवतंय? 2002 चा तो गोव्याचा अभ्यास, 23 टक्के बाळंतिणींना डिप्रेशन, आणि तू म्हणालीस बाईला आधी झोपू द्या, सगळं बरं होतं. अजून राग आहे मला. झोप तर सगळ्याच पोटुशींची उडते, म्हणून तर नुसतं झोप-थकव्यावर जायचं नसतं.

पण आता खरा घोर वेगळाच. पोरगी बाळंतपणाला माहेरी जाणार, म्हणजे दुसरा तालुका, दुसरी सिस्टर. कार्डावर लिहावं तर ते घरभर फिरतं, न लिहावं तर तिथल्या सिस्टरला कळणार कसं, आणि फोनवर सांगायचं तर आधी पोरीला विचारायला हवं, ती एकटी सापडेल कधी? बाळ झाल्यावर तर जास्तच बघावं लागेल आणि तेव्हाच ती माझ्या हातात नसेल.

तुमच्याकडे दवाखान्यात गरोदर बाईच्या पहिल्याच बुकिंगला, म्हणजे नाव नोंदवतानाच, ते दोन प्रश्न विचारतात ना, महिनाभर उदास वाटलं का, कशात रस उरला नाही का? तेव्हा नवऱ्याला बाहेर कसं काढता? आणि बाई दुसऱ्या गावी गेली की कागद मागोमाग जातो का, ते नीट सांग.

घराचं झालं का? लेकाचा दात पडला म्हणे, फोटो पाठव. नाईट संपली की फोन कर, मेसेज नको.

तुझीच,
मंदी