लेहला निघण्याआधी एवढं वाच

पुणे, २ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. जूनमध्ये अण्णांना घेऊन लेहला निघालास हे काल कळलं आणि तू पाठवलेला कार्यक्रम पाहून आज सकाळीच लिहायला बसलो. पहिल्या दिवशी विमानानं लेह, दुसऱ्या दिवशी 'खारदुंग ला' ही खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिसऱ्या दिवशी तिथूनच परस्पर पँगाँग तलाव. गेल्या वर्षी आमच्या टूरवाल्यानं अगदी हाच कार्यक्रम आखून दिला होता. फोटो तू पाहिलेस, पण पँगाँगची रात्र मी कुणालाच नीट सांगितलेली नाही.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती कमी लागतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. मी तासही दिले नाहीत. दर रविवारी सिंहगड चढतो, या भरवशावर पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून आलो. तब्येत दणकट असली म्हणजे विरळ हवा बाधत नाही, हा समज साफ खोटा आहे रे. रात्री डोकं ठणकायला लागलं. हिला म्हटलं, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. माझ्यापायी सगळ्यांची सहल बिघडायला नको, एवढंच मनात होतं.

नुब्रातलं हुंदर लेहपेक्षा खाली आहे. तिथे बरं वाटलं आणि तिथेच फसलो. पँगाँगचा काठ सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, म्हणजे एका दिवसात हजार मीटरहून जास्त उंच चढून झोपलो. जेवणाचा वासही नको झाला, दोनदा उलटी झाली. डोळा लागला की श्वास अडायचा आणि मी दचकून उठून बसायचो. ही रात्रभर उशाशी टॉर्च घेऊन बसून होती.

सकाळी बुटाची नाडी बांधायला घेतली. दोन्ही टोकं हातात, पण गाठ कशी मारायची तेच सुचेना. आमचा लडाखी ड्रायव्हर समोरून बघत होता. त्यानं मला टाचेला अंगठा लावत सरळ चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला कलंडलो. तो एक शब्द न बोलता बॅगा गाडीत टाकायला लागला.

आता यातली मेख ऐक. यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला उतरायचं तर आधी 'चांग ला' ही खिंड चढावी लागते, सुमारे ५,३६० मीटर! त्यानं आधी खाली तांगत्सेच्या दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन आणि इंजेक्शन मिळालं, आणि नाकाला नळी लावूनच खिंड ओलांडली. लेहच्या हॉस्पिटलात दोन दिवस काढले. मेंदूला सूज यायला लागली होती. त्या ड्रायव्हरचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, कार्यक्रम बदलून घे. लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसते बसून काढा, बाजारातही हळूहळू फिरा. मग नुब्रा, परत लेह, आणि पँगाँग अगदी शेवटी. मुक्काम काठावर न करता तांगत्सेला करा. टूरवाला कुरकुरेल, कुरकुरू दे. डायमॉक्स, म्हणजे उंचीवरचा त्रास टाळायची गोळी, तिचं डॉक्टरांना आत्ताच विचार. अण्णांच्या बीपीच्या गोळ्या दाखव, सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांग. हिनं ती गोळी आदल्या दिवसापासून घेतली होती. बोटांना मुंग्या यायच्या, पण तिला बाकी काही झालं नाही. झोपेची गोळी आणि दारू तिथे अजिबात नको. आणि बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जायला लागला, तर सकाळची वाट न बघता तडक उतरायचं.

अण्णांचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या रात्रीसुद्धा ते 'काही नाही रे' म्हणाले होते. त्यांना 'बरं आहे ना?' असं विचारू नकोस, ते हो म्हणतील. 'डोकं किती दुखतंय?' असं विचार, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नकोस.

नवीन तारखा ठरल्या की कळव. अण्णांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळू