पिक्चर झकास, पण ‘सत्यघटना’ कसली?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या काऊबॉय पिक्चरांवर लेख आला, वाचायला मजा आली, पण ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ला तुम्ही चक्क सत्यघटना म्हणून छापलंत ते खटकलं म्हणून हे पत्र. पिक्चर मला जाम आवडतो हे आधीच सांगतो. जॉन फोर्डचा, 1946 चा. हेन्री फोंडा मार्शल (म्हणजे गावचा पोलीसप्रमुख) वायट अर्प झालाय, आणि तो व्हरांड्यात खुर्ची मागे रेलून खांबाला पाय लावून तोल सांभाळत बसतो ना, आधी एक पाय मग दुसरा, तेवढ्यातच कळतं की गाव आता याच्या ताब्यात आहे.

पण खऱ्या टूमस्टोनचा (अमेरिकेत ॲरिझोनातलं गाव, तिथल्या ओ. के. कोरलच्या गोळीबारावरच पिक्चर बेतलाय) मार्शल वायट नव्हताच हो! मोठा भाऊ व्हर्जिल मार्शल होता, वायट गोळीबाराच्या दिवशी मदतीला. पिक्चरमध्ये धाकट्या जेम्सचा खून होतो आणि त्याचा बदला म्हणून सगळं रामायण, खरा जेम्स वायटपेक्षा मोठा आणि 1926 पर्यंत जिवंत. पिक्चरमधला खलनायक म्हातारा क्लँटन खरा गोळीबाराच्या दोन महिने आधीच गेलेला. वायटचा दोस्त डॉक हॉलिडे पिक्चरसारखा सर्जन नाही, दातांचा डॉक्टर, तोही गोळीबारात मेला नाही, 1887 ला टीबीने गेला.

मग भांडण कशावरून? गावाचा नियम होता, आत आलात की हत्यार तबेल्यात नाहीतर सलूनमध्ये जमा करा (सलून म्हणजे तिकडे दारूचा गुत्ता, आपलं कटिंगचं नव्हे). आधीची खुन्नस होतीच, पण 26 ऑक्टोबर 1881 ला व्हर्जिल निघाला तो क्लँटनच्या पोरांची नि त्यांच्या साथीदारांची हत्यारं काढून घ्यायला, आणि अर्ध्या मिनिटात त्यांची तीन माणसं आडवी. म्हणजे मूळ गोष्ट बंदोबस्ताची, पिक्चरवाल्यांनी तिचा सूड करून टाकला. आणि नियम पाळायला लावणाऱ्या व्हर्जिलला काय मिळालं तर तीन दिवसांत सस्पेन्शन, आणि डिसेंबरात कुणीतरी रात्री दबा धरून गोळ्या घातल्या, डावा हात कायमचा निकामी झाला. हे पिक्चरमध्ये कुठंय?

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. फोटो मात्र तो खुर्चीवालाच टाका, परवा घोड्याचा टाकला होतात.

तुमचा जुना वाचक,
मिरज