भरतीचे आकडे फक्त पावसाळ्यातच का?

संपादक साहेब, नमस्कार.

मागे एकदा तुमच्या रविवारच्या पुरवणीत शहरातल्या छंदांवर मोठा लेख होता, त्यात मासे गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, एका ओळीत उरकलं होतं आणि ती ओळसुद्धा काय, तर हा श्रीमंतांचा शौक आहे म्हणून. बाहेरच्या रॉडची किंमत टाकली, बाहेरच्या लुअरची किंमत टाकली, झालं काम. तीन बाजूंनी पाणी असलेल्या शहरात बसून आपण असं लिहितो म्हणजे कमाल आहे राव. मी मालाडला राहतो, मनोरीच्या खाडीत एका नाखव्याच्या, म्हणजे होडीवाल्या कोळ्याच्या, छोट्या होडीतून गरवायला जातो आणि माझ्या डब्यातले निम्म्याहून जास्त लुअर घरी केलेले आहेत, तेव्हा जरा सविस्तर सांगतो आणि शेवटी तुमच्याकडे भरतीच्या आकड्यांबद्दल एक मागणं आहे ते पण सांगतो, छापायचं तेवढं छापा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लुअर म्हणजे खोटा मासा. कोळंबी नाहीतर बोय माशाचा तुकडा गळाला लावून वाट बघत बसायचं नाही, लाकडाचा किंवा पत्र्याचा मासा लांब फेकायचा आणि रीलने ओढत आणायचा, आणि तो येताना असा लटपटला पाहिजे की जिताड्यासारख्या शिकारी माशाला वाटावं हा जखमी आहे, आयता मिळतोय. सगळी कला त्या लटपटण्यात आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या मच्छीमाराने नेमकं हेच हेरलं, मोठा मासा थव्यातल्या नीट पोहणाऱ्यांना सोडून वाकडी चाल असलेल्यावर तुटून पडतो हे त्याने बघितलं आणि १९३६ साली सुरीने बुचाचा मासा कोरला, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज त्याच्याच नावाचे लुअर आपण दुकानात काचेमागे बघतो आणि किंमत विचारून परत ठेवतो. सुरी, बूच आणि चॉकलेटचा कागद, यात श्रीमंती कुठे आली सांगा.

माझी पद्धत अशी. लाकूड हलकं पाहिजे, गावाकडून पांगाऱ्याचं मिळालं तर उत्तम, नाहीतर पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या बाहेर पडलेल्या असतातच. लांबी साधारण दहा सेंटिमीटर, कारण खाडीत थव्याने फिरणारी लहान बोय त्याच मापाची असते आणि जिताडा तीच खातो. पेन्सिलने आकार काढा, करवतीने कापा, पॉलिश पेपर मारा. मग नाकापासून शेपटीपर्यंत पोटाखालून चीर पाडायची आणि त्यात स्टीलची अखंड तार बसवायची, नाकाशी, पोटाशी आणि शेपटीशी तिचीच कडी वळवायची. इथे बरेच जण शॉर्टकट मारतात, स्क्रूवाली छोटी कडी लाकडात पिळून मोकळे होतात, मग एखादा दांडगा तांब मासा लागला की तो कडीसकट गळ घेऊन कांदळवनाच्या मुळांत घुसतो आणि आपल्या हातात रंगवलेलं लाकूड राहतं. अखंड तार असली की लाकडाचे दोन तुकडे झाले तरी मासा दोरीलाच असतो.

पोटात थोडं शिसं लागतं नाहीतर लुअर पाण्यात उलटा होतो, आणि ते मध्याच्या जरा पुढे बसवायचं, शेपटीकडे गेलं की चाल मेलीच समजा. आता शिसं घरात वितळवायच्या भानगडीत पडू नका ही हात जोडून विनंती, धूर विषारी असतो आणि साच्यात पाण्याचा एखादा थेंब राहिला तर ३२७ डिग्रीला वितळलेलं शिसं थेट अंगावर उडतं. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या तयार मिळतात, त्या ठोकून बसवा, वर एम-सील भरा आणि हात साबणाने धुवा. त्याच्याच मागे मी एक आडवं भोक पाडून सायकलचे दोन-तीन छर्रे सोडतो आणि दोन्ही तोंडं बंद करतो, कारण आपलं खाडीचं पाणी गढूळ, माशाला दिसायच्या आधी ऐकू आलं पाहिजे. लुअर खुळखुळत येतो.

तोंडाखाली जो पारदर्शक ओठ असतो ना, ज्याच्यामुळे लुअर बुडी मारतो आणि हलतो, तो जुन्या सीडीचा करायचा. सीडी पॉलीकार्बोनेटची असते, १.२ मिलिमीटर जाडीची, वरचा चकचकीत थर खरवडून काढायचा आणि गरम पाण्यात धरून कापायची म्हणजे कमी तडकते. ओठ जितका उभा बसवाल तितका लुअर वरच्या वर चालतो, लांब आणि पुढे आडवा बसवाल तितका खोल जातो, एवढं एक कळलं की दुकानातल्या डब्यावरचं इंग्रजी वाचायची गरज नाही. रंग म्हणाल तर पाठ गडद आणि पोट पांढरं, बाजूला गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, खवल्यांसाठी कांद्याच्या पिशवीची जाळी ताणून वरून स्प्रे मारायचा, अगदी खरे खवले उठतात. पाणी फारच मातकट असेल तर भडक पोपटी नाहीतर केशरी, आणि ते रंग मुलीच्या वाळत आलेल्या नेलपॉलिशमध्ये सापडतात. शेवटी एपॉक्सीचा थर, तो सुकेपर्यंत लुअर हळूहळू फिरवत राहावा लागतो नाहीतर सगळं ओघळून पोटाशी गाठ होते. घरचे सिरीयल बघत असतात तेव्हा मी हे फिरवायचं काम करतो, दोघांचंही सारखंच रटाळ चालतं.

पहिल्यांदा पाण्यात ओढला की हमखास एका बाजूला पळतो, घाबरायचं नाही. डावीकडे पळत असेल तर नाकाची कडी पक्कडीने केसभर उजवीकडे वाकवायची, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे, परत ओढून बघायचा. विकतच्या लुअरला पण हे करावंच लागतं.

आणि लाकूडकाम जमत नसेल तर पोह्याचा स्टीलचा चमचा घ्या, दांडी कापा, दोन्ही टोकांना भोकं पाडा, एका टोकाला कडी आणि दुसऱ्याला गळ. रावस त्याच्यावर येतो. टोळ माशाची तर गंमतच वेगळी, त्याची लांब चोच हाडासारखी टणक असते, गळ रुतत नाही, तिथे गळच लावायचा नाही, भुलेश्वरला भरतकामाचा रेशमी दोरा मिळतो त्याचा गोंडा बांधून ओढायचा, त्याचे बारीक दात दोऱ्यात अडकतात आणि मासा आपोआप होडीत. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न, पापलेट मिळालं का. अहो पापलेटचं तोंड बघितलंय का केवढंसं असतं, ते कशाला लाकडाच्या माशामागे धावेल. २०२३ मध्ये राज्य मासा झाला म्हणून त्याने सवयी बदलल्या नाहीत.

आता होडी. माझा नाखवा एरवी डोल, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, लावणारा, आणि डोल चालते ती पाण्याच्या ओढीवर, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याला बोलायला पण वेळ नसतो. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, भरती-ओहोटीतला फरक उधाणाला साडेतीन-चार मीटर आणि कधी त्याहून वर जातो तो भांगाला दीड मीटरच्या आसपास येतो, ओढ कमी, डोलीत काही पडत नाही, तेव्हा त्याची होडी मोकळी. आणि नेमकं तेव्हाच गाळ खाली बसतो, पाणी जरा निवळतं, खोटा मासा दिसायला लागतो. म्हणजे त्याचा सुट्टीचा दिवस तोच आमचा कामाचा. तो भाडं घेतो आणि घ्यायलाच पाहिजे, वर चहा आमचा.

होडीत आम्ही तिघांच्या वर बसत नाही. इंजिन लांबच बंद करायचं, पुढे वल्ह्याने, कांदळवनाच्या कडेला समांतर. फायबरच्या होडीत डबा जरी पडला तरी आवाज पाण्यात लांबवर जातो म्हणून तळाला गोणपाट अंथरतो. ओहोटी लागून तासभर झाला की कांदळवनातल्या बारक्या नाळ्यांमधून पाणी मुख्य खाडीत पडायला लागतं, त्याच्याबरोबर कोळंबी, बारीक बोय सगळं वाहत येतं, आणि जिताडा त्या तोंडाशी दबा धरून बसलेला असतो. लुअर नाळीच्या आत टाकायचा आणि पाण्याबरोबर बाहेर आणायचा, मध्येच थांबवायचा, परत ओढायचा. घेतला तर 'भॉक्' असा आवाज येतो आणि रॉड हातातून जायला बघतो. नाही घेतला तर नाही. बहुतेक वेळा नाहीच घेत, हे पण स्पष्ट लिहितो नाहीतर उद्या लोक मनोरीला रांग लावतील.

मोठा जिताडा मी परत सोडतो आणि नाखवा दर वेळी माझ्याकडे वेड्यासारखं बघतो. रायगडच्या खारेपाटातले लोक तर मला वाळीतच टाकतील, तिकडे जावयाला जिताडा वाढतात. पण कारण आहे, हा मासा लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी वाढला की मादी होतो, म्हणजे जे खरे मोठे असतात त्या जवळजवळ सगळ्या अंडी देणाऱ्या माद्या. मधल्या मापाचा एक ठेवावा, घरच्यांना पुरतो. अगदी लहान पण सोडायचे, किती मापाच्या खालचा मासा धरायचा नाही याचे नियम राज्य सरकारने केलेत, ते मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी किती पाळायचे तो विषय वेगळा आणि त्याच्यावर तुम्ही वेगळं लिहा.

थोडं रागाचं पण लिहितो. वांद्र्याच्या आणि इतर ठिकाणच्या खडकांवर हौशी मंडळी तुटलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तिथेच टाकून जातात, बगळ्यांच्या पायात, कावळ्यांच्या पंखात तो गुंततो. खिशात एक पिशवी ठेवायला काय जातं? लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, पोहता येत असलं तरी. फेकताना मागे कोण बसलंय ते बघायचं, एका लुअरला दोन तिकाटणी म्हणजे सहा टोकं असतात, आणि गळाची उलटी दाढ पक्कडीने चेपून टाकली तर माशालाही बरं आणि आपल्या अंगठ्यालाही. शिंगाळा मासा लागला तर त्याच्या काट्यापासून लांब, टोचलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात धरायचा, मग डॉक्टर.

आता मूळ मुद्दा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, त्यात समुद्र खवळलेला, आमचा नाखवा तर नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर काढतच नाही, त्यामुळे ते महिने आम्ही घरात लाकूड घासत बसतो. आणि तुम्ही भरतीच्या वेळा आणि उंची ठळक चौकटीत कधी छापता, तर नेमक्या त्याच महिन्यांत, साडेचार मीटरच्या वर लाटा येणार, हिंदमाताला पाणी भरणार म्हणून. पाऊस संपला की चौकट गायब. म्हणजे पाण्यात जायचं नसतं तेव्हा माहिती आहे आणि जायचं असतं तेव्हा नाही.

तिथी तुम्ही रोज छापता, आणि जुन्या लोकांचा हिशेब आहे की तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हिशेब छान आहे, पण त्यातून उंची कळत नाही आणि वेळ पण अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होते. छोट्या होडीला तेवढ्यात चिखलात रुतून बसायला होतं. मोबाइलवर असतं सगळं असं कोणी म्हणेल, असतं, पण माझ्या नाखव्यासारखे कितीतरी जण सकाळी पेपरच वाचतात, आणि बॅंडस्टँडच्या खडकांवर फोटो काढायला जाणाऱ्या पोरांना भरती कधी चढते हे पेपरातल्या चौकटीने कळलं तर बरंच होईल.

वार्ताहर लागत नाही, सर्वे ऑफ इंडिया अख्ख्या वर्षाची कोष्टकं आधीच काढतं. दोन भरत्या, दोन ओहोट्या, प्रत्येकाची वेळ आणि मीटरमधली उंची, रोजचे एवढेच आकडे, एका राशीच्या भविष्याएवढी जागा लागेल. तेवढीही नसेल तर निदान तिथीशेजारी 'उधाण' किंवा 'भांग' एवढा एक शब्द टाका, सुरुवात तिथून झाली तरी चालेल.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
मालाड (पश्चिम), मुंबई