पणत्यांच्या पलीकडचं शिक्षण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की बौद्धिक दिव्यांग मुलांनी रंगवलेल्या पणत्यांची, उटण्याची, कागदी पिशव्यांची बातमी आपल्या अंकात येते. स्टॉलवर खरेदीही बरी होते. बातमीतली ही ‘मुलं’ बहुतेकदा पंचवीस-तीस वर्षांची असतात, काही तर पन्नाशीला टेकलेली. अशा प्रौढांच्या कार्यशाळेत मी बरीच वर्षं शिकवते, म्हणून हे पत्र.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो 6 ते 18 या वयासाठी. त्यानंतर गावात कार्यशाळा असेल तर ती, नाहीतर घरचा टीव्ही. कार्यशाळेत हाताला काम मिळतं आणि ते हवंच. पण खटपट करून लावलेली नोकरी सुटते, ती काम जमत नाही म्हणून क्वचितच. सहकाऱ्याच्या डब्यात न विचारता हात घातला, एकच प्रश्न दहादा विचारला, साहेबांच्या गळ्यात पडला, अशा कारणांनी सुटते. आठव्या वर्षी पाहुण्यांना मिठी मारली की घरभर कौतुक होतं. तीच मिठी अठ्ठाविसाव्या वर्षी लोकलमध्ये मारली तर मार बसतो. मधल्या काळात त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं.

हे शिकवता येतं. आम्ही फरशीवर खडूने एकात एक वर्तुळं काढतो. आतल्यात आई, बाबा, ताई. पुढच्यात मित्र, शेजारी. बाहेर वाणी, कंडक्टर. ओळखीच्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी योग्य वर्तुळात ठेवायची. आतल्यांना मिठी, मधल्यांशी हात मिळवायचा, बाहेरच्यांना नमस्कार. एकदा एकजण सोसायटीच्या वॉचमनची चिठ्ठी हातात घेऊन कितीतरी वेळ उभा राहिला. वॉचमन रोज चॉकलेट देतो, मग त्याला बाहेर कसं ठेवायचं? त्या दिवशी पणत्या बाजूलाच राहिल्या. चॉकलेट देणारा प्रत्येकजण आतला नसतो, हे पटवायला पुढचे कित्येक दिवस गेले.

त्याहून अवघड ‘नाही’ म्हणायला शिकवणं. आपल्याकडे शहाणा मुलगा म्हणजे सांगेल ते ऐकणारा. मी मोबाइल मागितला की सगळे मुकाट्याने काढून देतात. उद्या दुसरं कुणी दुसरं काही मागेल. अत्याचाराची बातमी आली की आपण हळहळतो, पण नकार द्यायचा सराव या मुलामुलींकडून कुणी करून घेतलेला नसतो. काही पालकांना हा सराव आवडत नाही, घरात उलट उत्तरं देतो म्हणतात. देऊ देत.

वर्गात जमलेलं बाहेर जमेलच असं नाही, म्हणून हा तास बाजारात, बँकेत, एसटी स्टँडवर व्हायला हवा. तिथे वेगळीच अडचण येते. एसटीत सवलतीचं कार्ड आमचा विद्यार्थी स्वतः पुढे करतो आणि कंडक्टर माझ्याकडे बघून विचारतो, “याला कुठे जायचंय?” उत्तर जुळवायला त्याला थोडा वेळ लागतो, तेवढं थांबायला हवं. कार्यशाळांना अनुदान देताना शासनाने या तासांसाठी वेगळा शिक्षक आणि प्रवासखर्च द्यावा, ही मागणी.

एक विनंती आपल्यालाही. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाच्या व्यासपीठांचे फोटो येतीलच. आपल्या वार्ताहराला एखाद्या कार्यशाळेत पाठवा आणि प्रश्न आम्हाला न विचारता त्यांनाच विचारायला सांगा. मुलाखतीला वेळ जास्त लागेल.

आपली,
एक विशेष शिक्षिका, ठाणे जिल्हा