मामा, त्या रविवारच्या किल्लीबद्दल

ती. स्व. मामा,
साष्टांग नमस्कार.

माझ्या प्रबंधात आभाराचं एक पान आहे. त्यात फ्रीजर दुरुस्त करणाऱ्याचंही नाव आहे, तुमचं नाही. लिहिताना कॉलेजची लॅब उघडणारा माणूस मला आठवलाच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत.

त्या वर्षी आमच्या तासगावच्या द्राक्षबागेत मिलीबगनं, म्हणजे पिठ्या ढेकणानं, उच्छाद मांडला होता. आबा ओलांड्यांची, वेलीच्या आडव्या फांद्यांची, सुटी साल सोलत, तर खाली पीठ सांडल्यागत थर. घड चिकट, वर काळी बुरशी. बेदाण्यालाही तो माल चालेना. मी थोडे किडे काडेपेटीत घालून एसटीनं सांगलीला आणले. "मामा, ह्यांचे क्रोमोसोम, गुणसूत्रं, दिसतील का?" आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये फक्त कांद्याची मुळं होती. तुम्ही म्हणालात, "रविवारी ये. किल्ली माझ्याकडंच असती."

माद्यांच्या पोटातले गर्भ सुईनं काढले, ॲसिटोकार्मिनचा रंग टाकला. सात स्लाइड वाया गेल्या. आठवीला मी भिंग इतकं खाली आणलं की काच फुटली, भिंगाला ओरखडा पडला. तुम्ही काही बोलला नाहीत. नवी स्लाइड घेतलीत, वर टीपकागद ठेवलात आणि माझ्या अंगठ्यावर तुमचा अंगठा. "दाब, पर सरकवू नगंस."

काही गर्भांच्या पेशींत एकेक गडद ठिपका होता, काहींत नव्हता. तुम्ही डोळा लावून विचारलंत, "ह्यो डाग रंगाचा हाय का किड्याचा?"

किड्याचाच, मामा. ठिपकेवाले ते नर. संत्र्या-लिंबावरच्या मिलीबगला १० क्रोमोसोम, ५ आईचे, ५ बापाचे. नरात बापाचे पाचही गर्भातच आवळले जातात आणि गप्प बसतात. १९६१ साली स्पेन्सर ब्राउन आणि नेल्सन-रीस या शास्त्रज्ञांनी नरांना क्ष-किरण देऊन पाहिले: त्यांच्या मुली मेल्या, मुलगे तगले, कारण मुलग्यांत बापाच्या बिघडलेल्या क्रोमोसोमचं काही चालतच नव्हतं. असा नर पुढच्या पिढीला देतो तेही फक्त आईकडून आलेले. डीएनएचं एक अक्षर न बदलता हे घडतं, त्याचाच अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. बंगळूरचे शरत् चंद्र आणि हेच ब्राउन यांनी १९७५ साली ह्या धाग्यावरून थेट सस्तन प्राण्यांच्या एक्स क्रोमोसोमपर्यंत विचार नेला. तो निबंध वाचताना मला लॅबमधला तुमचा स्टूल आठवला होता. आभाराच्या पानाच्या वेळी मात्र नाही.

बारा वर्षं मी त्या डागाच्या मागं आहे. बागेला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे आबा दर दिवाळीला ऐकवतात. फवारणी चालूच आहे.

ब्रेकेज रजिस्टरमध्ये त्या भिंगापुढं तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंत आणि पैसे तुमच्या पगारातून गेले, हे मला परवा कळलं. ऑक्टोबर छाटणीला घरी येतेय, तेव्हा तुमच्याकडेही येईन. किती कापले होते, तेवढं सांगा.

तुमची,
काडेपेटीवाली