ओजसच्या शर्टावरचा २१ नंबर

पिट्सबर्ग

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, ओजसचा फोटो बघून तुम्ही विचारलंत, पोरगं बाकीच्यांपासून एवढ्या लांब एकटं का उभं आहे, आणि त्याला २१ नंबरच कशाला हवा होता. फोनवर आवाज तुटत होता, आईलाही नीट ऐकू येत नव्हतं. आणि ही गोष्ट घाईघाईत उरकायची नाहीच, म्हणून सविस्तर लिहिते. आईला मोठ्याने वाचून दाखवा.

त्याची ती जागा राइट फील्डची. बेसबॉलमध्ये मैदानाच्या पार टोकाला तिघे जण उभे असतात, ते आउटफिल्डर. फलंदाजाच्या उजव्या अंगाचा, तो राइट फील्डवरचा. उंच उडालेला चेंडू पळत जाऊन झेलायचा, एवढं तर तुम्ही क्रिकेटमध्ये बघताच. खरी कसोटी त्यानंतर लागते. इथे झेल झाला म्हणून खेळ थांबत नाही. चेंडू हातात पडला की आधीच बेसवर, म्हणजे धाव पुरी करायला ओळीने गाठायच्या थांब्यांपैकी एकावर, असलेल्या गड्याला पुढे पळायची मुभा असते. म्हणजे झेलणाऱ्याने त्याच पावलावर वळून, अख्खं मैदान ओलांडून, तिसऱ्या बेसवरच्या सोबत्याच्या हातात चेंडू पोचवायचा. खांद्यात जोर नसेल तर त्या जागेवर कोणी टिकत नाही.

या गावात त्या जागेवर १८ हंगाम एकच माणूस खेळला. इथल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा रॉबर्टो क्लेमेंटे, १९५५ ते १९७२. नंबर २१. शाळेत असताना तो भालाफेक करायचा. चेंडू झेलायचा तो पोटापाशी, प्रसाद घ्यावा तसे हात धरून. मग अंग गरकन फिरवून असा फेकायचा, की चेंडू त्याच्या बाजूला गेला म्हटल्यावर भलेभले जागचे हलायला धजत नसत. उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्याला ओळीने १२ वर्षं मिळाला. फलंदाजीच्या सरासरीत चार वेळा तो आपल्या लीगमध्ये पहिला आला. आकडे अजून पुष्कळ आहेत, ते ओजस तुम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवेल.

मला सांगायचंय ते वेगळंच. बाबा, तो ऊसतोडणीच्या मुकादमाचा मुलगा होता. पोर्तो रिको बेटावरचं कारोलिना हे त्याचं गाव, वडील मेल्चोर उसाच्या फडावर मुकादम, आणि हा सात भावंडांत धाकटा. हे वाचलं आणि मला आपल्या कारखान्याचा गळीत हंगाम आठवला. पहाटेच्या थंडीत तुम्ही चिटबॉय म्हणून सायकलवर फडात निघायचात, खिशात ती कोपरे दुमडलेली वही. अशा घरातलं पोर इथवर कसं आलं असेल, हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही.

आणि इथे आल्यावर तरी काय! वर्णाने काळा, त्यात बोलणार स्पॅनिश. सरावासाठी संघ फ्लोरिडात जायचा तेव्हा गोऱ्यांची हॉटेलं त्याला बंद. वाटेत गोरे खेळाडू आत टेबलावर बसून जेवायचे, हा आणि त्याचे काळे सोबती बसमध्ये बसून राहायचे. वर्तमानपत्रवाले त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी मुद्दाम तसंच छापायचे, वर त्याला ‘बॉब’ म्हणायचे. तो ठणकावून सांगायचा, माझं नाव रॉबर्टो आहे. आई, माझ्या उच्चारांना हसणारेही इथे सुरुवातीला भेटले, त्यामुळे हे वाचताना माझा जीव अजून तळमळतो.

१९७१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथल्या बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका, ही त्याच्या आयुष्यातली मोठी लढत. समोर बाल्टिमोर, पहिले दोन्ही सामने हातचे गेलेले. क्लेमेंटे ३७ वर्षांचा, पाठीच्या दुखण्याने कायम बेजार. तरी सातही सामन्यांत त्याची बॅट चालली. शेवटच्या सामन्यात होम रन मारला, म्हणजे आपल्या षटकारासारखा चेंडू थेट कुंपणापार, संघ २-१ ने जिंकला, आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. टीव्हीवाल्यांनी माइक पुढे केला. सारी अमेरिका बघत होती. तो म्हणाला, आधी मला स्पॅनिशमध्ये थोडं बोलू द्या. मग आपल्या मुलांना आशीर्वाद दिला, आणि आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी आई-वडिलांकडे त्यांचा आशीर्वाद मागितला.

ती जुनी चित्रफीत मी ओजसला दाखवली. अर्थ सांगितल्यावर म्हणाला, म्हणजे आपण आजी-आजोबांच्या पाया पडतो तसंच ना? दुसऱ्या दिवशी त्याने प्रशिक्षकांकडून २१ नंबर मागून घेतला.

पुढचं वाईट आहे, पण सांगते. १९७२ च्या सप्टेंबरअखेर त्याने आपला ३००० वा हिट मारला. चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठला की तो हिट. त्या डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्याने घरोघरची मदत गोळा करून पाठवली, तर तिथले लष्करवाले ती वाटेतच लाटतात असं कानावर आलं. बाबा, त्याच साली तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडत होता, वाटपातली सुकडी कशी गायब व्हायची ते तुम्हीच सांगता. क्लेमेंटे म्हणाला, मी स्वतः घेऊन जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री, प्रमाणाबाहेर माल भरलेलं ते जुनाट विमान उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडलाच नाही. वय ३८. हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत मानाचं स्थान; त्यासाठी खेळ सोडल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवला आणि १९७३ मध्येच त्याला मान दिला.

आता कामाचं. १५ सप्टेंबर हा रॉबर्टो क्लेमेंटे दिवस असतो, तेव्हा त्याच्या आधी इकडे या. पायरेट्सच्या इथल्या मैदानात राइट फील्डची भिंत २१ फूट उंच बांधली आहे, त्याच्या नंबरासाठी. बाहेर त्याचा पुतळा आहे, त्याच्या पायथ्याशी तो खेळला त्या मैदानांची माती ठेवली आहे. सामन्याच्या दिवशी त्याच्या नावाचा पूल गाड्यांना बंद असतो, त्यामुळे आईला सावकाश चालता येईल. गुडघ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेव गं. बाबा, पासपोर्टची मुदत बघून मला लगेच कळवा, मी तिकिटं काढते. ओजसचे सामने शनिवारी सकाळी असतात. त्याच्या मागच्या बाजूला, कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसू.

तुमची,
वैशाली